विचारा, गाडीबद्दल : ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवू का?

प्रश्न : माझ्याकडे २००७ ची होंडा सिटी झेडएक्स आहे, सीव्हीटी. वडिलांनी नवी घेतली होती, आता मी वापरतो. रोज पाचपाखाडीहून कळवा-विटाव्यामार्गे महापे आणि परत. वर्षभरापासून सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते. एकदा वेग घेतला की काही नाही. गॅरेजवाला म्हणतो, बॉक्स संपला. खोलून करायचा तर ९०,००० रुपये आणि हमी नाही. त्यापेक्षा ५५,००० मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स टाकून देतो, कटकटच संपेल. इंजिन, बॉडी, एसी सगळं छान आहे, गाडी विकायला मन होत नाही. आरसीचं नूतनीकरण झालंय, २०२७ पर्यंत आहे. करून घेऊ का? (दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडेच गिअरबॉक्सचं ऑइल बदललं होतं.)
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : सगळ्या पत्रात कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. ऑइल बदललं, ते कुठलं? बिल शोधा. बिल नसेल तर गॅरेजवाल्याला सरळ विचारा. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं तेच’ असं उत्तर आलं, तर ५५,००० चा विषय तूर्त बाजूला ठेवा.

कारण असं. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलामार्फत ताकद पुढे पाठवणारा भाग. तुमच्या सिटीत तो नाही. तिच्यात सीव्हीटी आहे, म्हणजे दोन पुली आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा. पुली रुंद-अरुंद होतात तसा पट्टा वर-खाली सरकतो आणि गिअर न पडता वेग बदलत जातो. तत्त्व जुनंच आहे, कायनेटिक होंडा स्कूटर चालवलेल्यांना माहीत आहे. तिथे पट्टा रबरी होता. आता सिग्नलला गाडी उभी आणि इंजिन चालू, हे जमायला मध्ये कुठेतरी घसरणारी जागा लागते. ती जागा म्हणजे तुमच्या बॉक्समधला स्टार्ट क्लच. तेलात बुडालेल्या प्लेटा, आणि निघताना त्या ठरावीक मापाने घसरून मग पकडतात. ही घसरण कशी होणार हे निम्मं तेलावर अवलंबून असतं. म्हणून होंडाने या सीव्हीटीसाठी वेगळं तेल ठरवलं. साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) गेलं की प्लेटा धरतात-सोडतात, धरतात-सोडतात, आणि आपल्याला ती थरथर सीटखाली जाणवते. वय झालेल्या तेलानेही हेच होतं. निघतानाच थरथर आणि वेग घेतल्यावर काही नाही, हे तुमचं वर्णन अगदी स्टार्ट क्लचकडेच बोट दाखवतं.

तेव्हा आधी हे करा. बॉक्समधलं तेल काढून होंडाचं सीव्हीटीचंच तेल भरा. एकदा काढून सगळं तेल निघत नाही, बरंचसं आतच राहतं. म्हणून थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा बदला, आणि आणखी एकदा. त्यानंतर होंडाचा स्कॅनर असलेल्याकडून स्टार्ट क्लचचं कॅलिब्रेशन करून घ्या. ईसीएमला, म्हणजे गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरला, नव्या तेलात क्लच कुठे धरतो ते पुन्हा शिकवावं लागतं; पुष्कळ गॅरेजवाले हे करत नाहीत आणि मग ‘तेल बदलूनही फरक नाही’ म्हणून बॉक्सवर ठपका ठेवतात. काढलेलं तेल पांढऱ्या कापडावर टाकून बघा. करपल्याचा वास, काळा रंग आणि चमचमणारा चुरा एकत्र दिसला तर प्लेटा खरंच गेल्या. नुसतं मळलेलं असेल तर आशा आहे.

दुसरी गोष्ट प्लगची. तुमच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरला आठ प्लग आहेत. पुढचे चार हाताशी, मागचे चार काढायला त्रासदायक. त्यामुळे ‘प्लग बदलले’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘पुढचे चार बदलले’ एवढाच असतो. मागचा एखादा प्लग किंवा त्याची कॉइल सोडत असेल तर गाडी लोडवर अशीच थरथरते, आणि त्याचं खापर बॉक्सवर फुटतं. ओळखायचं कसं? तीच थरथर साठच्या वेगाला, मुंब्रा बायपासचा चढ चढतानाही येत असेल तर आधी प्लग. शून्य ते पंधरातच येत असेल तर क्लच. बॉक्स चालत्या गाडीत एकसारखा गुरगुरत असेल आणि वेगाबरोबर आवाज चढत असेल तर बेअरिंग. आणि इंजिन गरजतंय पण गाडी पुढे जात नाही असं झालं तर पट्टा आणि पुली. डॅशबोर्डवरचा ‘डी’ लुकलुकत असेल तर कंट्रोलने स्वतःच बिघाड नोंदवलाय, मग अंदाज करत बसू नका, कोड वाचून घ्या. इंजिन-गिअरबॉक्स ज्या रबरी आधारांवर बसतात ती माउंटिंगही बघा. एकोणीस वर्षांचं रबर म्हणजे रबर राहिलेलं नसतं.

हे सगळं करून पाहिलं आणि तरी बॉक्स गेलेलाच निघाला, तर मॅन्युअलचा विचार करायला माझी ना नाही. याच सिटीची मॅन्युअल गाडी त्याच काळात त्याच इंजिनाला पाच गिअर लावून कंपनीनेच विकली. तुमच्यासारख्या सीव्हीटीपेक्षा मॅन्युअलच जास्त विकल्या गेल्या. म्हणजे सामान अस्तित्वात आहे आणि बसतं. १,४९७ सीसीचं, ७७ हॉर्सपॉवरचं हे इंजिन खालच्या वेगात चांगलं ओढतं, मॅन्युअलला ते शोभतं.

पण तुमच्या गॅरेजवाल्याने ५५,००० म्हटलं ते कशाचे? माझा अंदाज, बॉक्स आणि मजुरीचे. आणि खरा खेळ बॉक्सच्या बाहेर आहे.

बॉक्सबरोबर फ्लायव्हील (इंजिनाच्या क्रँकवर बसणारी जड चकती) लागतं, मॅन्युअलचं, त्याच्याच बोल्टांसह. सीव्हीटीचे बोल्ट वापरून ‘बसलं की’ म्हणणारे मी पाहिलेत. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीनच घ्या, जुनं लावून एवढ्याशा बेअरिंगसाठी परत बॉक्स उतरवण्यात शहाणपण नाही. बॉक्स उतरलेलाच आहे तर क्रँकचा मागचा ऑइल सीलही बदला. बॉक्सपासून चाकांपर्यंतचे ॲक्सल वेगळे, लांबी जुळत नाही, दातेही जुळतील याची खात्री धरू नका. बॉक्सच्या बाजूचं ब्रॅकेट वेगळं. गिअर लिव्हर आणि त्याच्या दोन केबल लागतील, त्याभोवतीचा कन्सोल लागेल.

मग पायाखालचं काम. या सिटीचा क्लच हायड्रॉलिक आहे, म्हणजे फायरवॉलवर मास्टर सिलिंडर, बॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर, मधला पाइप, आणि मॅन्युअलचा पूर्ण पेडल बॉक्स. ‘पूर्ण’ यावर माझा हट्ट आहे. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं. ते तसंच ठेवून शेजारी क्लचचं पेडल वेल्डिंगने चिकटवलेली एक गाडी वागळे इस्टेटला माझ्या गॅरेजच्या खड्ड्यावर आली होती. घाईत क्लच दाबताना बुटाची कड ब्रेकला लागायची. तीन हात नाक्याला मागून रिक्षा ठोकेल आणि चूक कुणाची तेही सिद्ध होणार नाही.

वायरिंग हा भाग पत्त्यात लपवलेल्या जोकरासारखा आहे, हिशोबात धरला नाही की डाव फिरतो. तुमच्या गाडीचा कंट्रोल इंजिन आणि सीव्हीटी दोन्ही सांभाळतो. बॉक्स काढलात तरी तो बॉक्सचे सोलेनॉइड (विजेवर चालणारे तेलाचे व्हॉल्व्ह) आणि सेन्सर शोधत राहणार, दिवा पेटवणार, आयडलिंगचा गोंधळ घालणार. म्हणून मॅन्युअल गाडीचा ईसीएम लागतो. आणि ईसीएम आला की इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं लॉक) आला, कारण तो फक्त आपल्या चावीला ओळखतो. सोपा मार्ग म्हणजे ज्या गाडीतून बॉक्स घेताय त्याच गाडीचा ईसीएम, तिची चावी आणि किल्लीच्या भोकाभोवतीचा रिसीव्हर एकत्र घ्या. नाहीतर स्कॅनरवाल्याकडे रांग लावा. स्पीड सेन्सरचा सिग्नल नुसता काट्याला जात नाही, इलेक्ट्रिक स्टिअरिंगलाही जातो. तो तुटला तर ईपीएसचा दिवा लागेल आणि स्टिअरिंग वेगाप्रमाणे हलकं-जड व्हायचं ते होणार नाही. रिव्हर्सचा दिवा मॅन्युअल बॉक्सच्या स्विचवर जोडावा लागतो. सीव्हीटीत चावी ‘पी’मध्येच निघते आणि लिव्हर ब्रेक दाबल्याशिवाय हलत नाही, ते लॉक नीट काढावे लागतात.

आणि स्टार्टर. ऑटोमॅटिक ‘पी’ किंवा ‘एन’मध्येच स्टार्ट होते. मॅन्युअल करताना पुष्कळ जण त्या दोन वायरी सरळ एकमेकींना जोडून मोकळे होतात. मग गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी असलेली गाडी घरातल्या दुसऱ्या कुणी खिडकीतून हात घालून सुरू केली तर काय होईल, विचार करा. तिथे क्लच पेडलचा स्विच लावून घ्या. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर नाही. हे काम गॅरेजवाल्याने केलंय का, ते पैसे देण्याआधी स्वतः गिअर टाकून तपासा, हँडब्रेक ओढून.

सुट्ट्या सामानाने हे होत नाही असं नाही, पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चार दुकानांतून चार वस्तू गोळा केल्यात की पाचवी नेहमी दुसऱ्या वर्षाची निघते. म्हणून माझं मत एकच आहे : अख्खी गाडी घ्या, नाहीतर करू नका. अपघातात मागून चेपलेली, पण पुढून धड असलेली मॅन्युअल झेडएक्स शोधा. शक्यतो ती सुरू होत असताना चालवून बघा. दुसऱ्या गिअरला खरखर येते का, गिअर सुटतो का. सुरू होत नसेल तर तेलाचा बोल्ट काढून त्याला लागलेला चुरा बघा. राखेसारखा बारीक असेल तर चालेल, दात्यांचे तुकडे असतील तर पुढच्या दुकानात. स्क्रू, क्लिपा, रबर, सगळं त्याच गाडीतून येतं, आणि उरलेलं भंगारात विकताही येतं. फक्त त्या गाडीची आरसी रीतसर रद्द झाली आहे, म्हणजे तिचा मालक आणि कागद खरे आहेत, याची खात्री करून घ्या. बिलावर चासी नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचं सामान तुमच्या बॉनेटखाली सापडलं तर समजावून सांगायला तुमच्याकडे काहीतरी हवं.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. आता तुम्ही म्हणाल, आरसीत गिअरबॉक्सचा नंबर कुठे असतो? नसतो. इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, रंग, इंधन असतं. पण मॉडेलच्या रकान्यात बघा, बहुधा ‘सीव्हीटी’ लिहिलेलं असेल. २०२७ ला नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्याल, इन्स्पेक्टर दार उघडेल आणि तीन पेडल बघेल. तेव्हा हसून सोडेल की फाइल बाजूला ठेवेल, यावर ५५,००० लावू नका. कामाला हात लावण्याआधी एमएच-०४ च्या, म्हणजे ठाणे आरटीओच्या, कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा, पोच घ्या. विमा कंपनीलाही कळवा. न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी त्यांच्याच कामाला येतो. तोंडी ‘चालतंय हो’ हे एजंटचं उत्तर असतं, आणि दाव्याच्या दिवशी एजंट फोन उचलत नाही.

आणखी एक हिशोब तुमच्या पत्रात नाही. पाचपाखाडी ते महापे म्हणजे कोर्ट नाक्याची, कळवा पुलाची आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखालची रांग. पाऊस असेल तर विटाव्याला विचारूच नका. ऑटोमॅटिकची सवय असलेल्या डाव्या पायाला रोज दोनदा ते सगळं क्लचवर काढावं लागेल. वडील अजून अधूनमधून गाडी चालवतात का? चालवत असतील तर त्यांना आधी विचारा. त्यांनी त्या काळात जास्तीचे पैसे मोजून ऑटोमॅटिक घेतली, ती उगाच नसणार.

मी तुमच्या जागी असतो तर तीनदा तेल, आठही प्लग, माउंटिंग आणि कॅलिब्रेशन एवढ्यावर खर्च केला असता. त्याने थरथर गेली तर प्रश्नच मिटला. नाही गेली, तर दुसऱ्या एका ऑटोमॅटिकवाल्याचं मत घेऊन फक्त स्टार्ट क्लचचं काम होतं का ते विचारलं असतं. अख्खा बॉक्स खोलायची गरज दरवेळी नसते. तेही नाही जमलं, तर नीट ठेवलेली मॅन्युअल झेडएक्स बाजारात घेऊन ही विकली असती. त्या गाडीत पेडल, वायरिंग, ईसीएम, आरसी सगळं कारखान्यातूनच जुळलेलं येतं. वडिलांची गाडी म्हणून हीच ठेवायची असेल तर मी समजू शकतो. मग मघाशी सांगितलेली मागून चेपलेली अख्खी मॅन्युअल गाडी शोधा, काम लेखी यादीवर करून घ्या, आणि तेच गॅरेज नको. ज्याने तेल न विचारता भरलं त्याच्याकडे वायरिंग देऊ नये.

प्रश्न : माझ्या डाव्या गुडघ्याचं प्रत्यारोपण झालंय. वॅगन आर मॅन्युअल आहे, २०१३ ची. तिच्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकता येईल का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : वरचं उत्तर उलट्या दिशेने वाचा, आणि त्यात आणखी त्रास मिळवा. मॅन्युअलमधून ऑटोमॅटिककडे जाताना तेल थंड करणारा कूलर, त्याच्या नळ्या, कंट्रोल युनिट आणि सेन्सरांचं जाळं नव्याने घालावं लागतं. अजिबात नको.

तुमच्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, ही विकून एएमटी घ्या. एएमटी म्हणजे आत मॅन्युअलच बॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं, पेडल दोनच. आपल्याकडे ती २०१४ ला सेलेरिओपासून आली, त्यामुळे आता जुन्या बाजारातही पुष्कळ आहेत. घेताना पाम बीच रोडवर नाही, सानपाडा किंवा जुईनगरच्या पुलाच्या चढावर थांबवून, पुन्हा उचलून बघा. मागे घरंगळते का, निघताना झटका देते का, क्लच करपल्याचा वास येतो का, तिथेच कळतं. सपाट रस्त्यावर सगळ्याच एएमटी चांगल्या वाटतात.

दुसरा रस्ता, पायाची अडचण कायमची आहे असं डॉक्टरांचं म्हणणं असेल तर. तेव्हा गाडी दिव्यांग व्यक्तीसाठी अनुकूल करून घ्यायची सोय कायद्यात आहे. हाताने किंवा आपोआप क्लच दाबणारी यंत्रणा बसवून ते करता येतं. पण आरटीओची नोंद करूनच, आणि अशीच कामं करणाऱ्या माणसाकडून. नुसतं ऑपरेशन झालंय, पाय हळूहळू बरा होतोय, एवढ्यासाठी गाडीला हात लावू नका. डॉक्टर म्हणतील तेव्हा चालवा, तोवर घरातल्या कुणाला तरी चालवू द्या.

प्रश्न : मागच्या पावसात वंदना टॉकीजजवळ पाण्यात माझी ऑटोमॅटिक बंद पडली. शेजाऱ्याने दोरीने ओढून घरी आणली. आता गिअर उशिरा पडतो. संबंध असेल का?
— एक वाचिका, चरई, ठाणे

उत्तर : असू शकतो, ओढण्याचाही आणि पाण्याचाही. ऑटोमॅटिकच्या बॉक्समधला तेलाचा पंप इंजिन चालू असेल तरच फिरतो. इंजिन बंद, चाकं जमिनीवर आणि गाडी ओढली जातेय, म्हणजे आतले भाग कोरडेच फिरले. वंदनापासून चरईपर्यंतचं अंतर कमी आहे, ते कदाचित खपून गेलं असेल. पाण्याची मला जास्त काळजी वाटते. बॉक्सला हवा खेळायला बारीक नळी असते, पाणी वर चढलं तर तिथून आत जातं आणि प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं. तेल आजच बघा. दुधाळ किंवा फिकट गुलाबी झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. सपाट पाटीच्या टोइंग गाडीवर चारही चाकं वर घेऊन न्या. तेल स्वच्छ असेल तर पातळी तपासा आणि स्कॅनर लावून घ्या. आणि रेडिएटरमधलं पाणीही बघा : त्यात तेलाचा तवंग दिसला तर दोष पुराचा नाही. ज्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो, त्यात तो कूलर फुटला की असं होतं.